बदलीची बाई

मुलीला त्या दिवशी एवढंच करायचं होतं: आईला जुन्या गिरणीभागातून पायी एक चक्कर मारून आणायची आणि अंधार पडायच्या आत घर गाठायचं. विणकामाची शेड उद्या पाडणार, हे कळल्यापासून म्हातारीने घर डोक्यावर घेतलं होतं. "एकदा फिरवून आण, मग काही मागणार नाही," हा एकच धोशा.

आईने बावीस वर्षं माग चालवला. त्या खडखडाटात कान कधीच गेले. पण शेडमध्ये कानांचं काम तरी काय? तिथे बायका नुसते ओठ हलवून बोलायच्या, या टोकापासून पार त्या टोकापर्यंत. गुपित सांगायचं तर तोंडावर हात धरायचा, नाहीतर सगळी शेड वाचणार! घरीही तीच सवय. त्यामुळे मुलगी बोलायच्या आधी ओठ वाचायला शिकली.

दोघी रमतगमत चालल्या होत्या. गोदामांचे गंजलेले दरवाजे, सुतळीच्या दुकानाच्या जागी आलेलं कॉफीचं दुकान, कालव्यावरचा अरुंद पूल. आई प्रत्येक कोपऱ्यावर थांबे. "इथे बसून आम्ही डबा खायचो. आणि इथे तो मुकादम आपटला होता, मेला!" हसता हसता तिला धाप लागे.

शेडपाशी आई उभी राहिली. वरच्या फुटक्या खिडक्यांकडे तिने मान वर केली आणि तिचा चेहरा असा खुलला की मुलीला बरं वाटलं. मग आईचे ओठ हलू लागले. आवाज नाही.

"अगं लांबे... तू अजून इथेच?"

मुलीनेही वर पाहिलं. लांबी म्हणजे आईची जिवाभावाची मैत्रीण. लहानपणी मुलगी तापाने फणफणली होती, त्या दिवशी आईच्या मागावर तीच बदली म्हणून उभी राहिली, आणि नेमकी शेडला आग लागली. मूळची बाई आल्याशिवाय बदलीने माग सोडायचा नाही, हा तिथला नेम. लांबीने सोडला नव्हता.

खिडकीत कुणीही नव्हतं. वास तेवढा येत होता, गरम तेलाचा आणि जळक्या सुताचा. आईचे ओठ चाललेच होते, आणि मुलीला अर्धंच बोलणं कळत होतं.

"उद्या पाडणार ना, मग सुटशील की... नाही?... बरं, मी आले आहे ना आता... म्हातारी झाले म्हणून काय झालं?"

"आई, चल." मुलीने तिचा दंड धरला. आईने तो झटकला.

"ही? ही माझी मुलगी... हो, तीच, तापातली... नाही. नाही गं! तिला मागाचं काही येत नाही..." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "जपून बोल लांबे, हिला वाचता येतं."

आणि तिने तोंडावर हात धरला.

हाताआड जबडा हलत राहिला. मुलीला वाटलं, हिसकून काढावा तो हात. आई स्वतःला देऊन बसणार, याची तिला खात्रीच झाली होती. आणि तरी क्षणभर मनात आलंच, निदान मी तरी सुटले. तिची तिलाच लाज वाटली.

शेवटी हात खाली आला. "झालं," आई मोठ्याने म्हणाली. "घरी चल."

मुलीने तिला कवटाळलं, छातीला कान लावला. ठोके चालू होते. जीव भांड्यात पडला! आई धडधाकट होती, आता तर चक्क पुढे चालत होती.

कालव्याच्या वळणावर आई एकदम मागे फिरली आणि तिने मुलीला भिंतीकडे खेचलं. मालाची गाडी अंगाला घासून गेली. चालक मान बाहेर काढून, तोंड फाडून शिव्या देत होता. भोंगा दाबूनदाबून बिचारा थकला असावा. मुलीला काहीच ऐकू आलं नव्हतं.

आईला आलं होतं.

मुलीने हाक मारून पाहिली, पण स्वतःचा आवाजही तिला ऐकू येईना. कानांत फक्त माग होते, शेकड्यांनी, ओळीने, आणि शेड केव्हाच मागे पडली तरी ते मागे पडत नव्हते. आईचे ओठ हलले. आता ती तोंडावर हात धरत नव्हती.

"मी माझंच नाव सांगितलं होतं गं, पोरी... माझंच."