४१७ नंबरची प्लेट

सिद्धीच्या हातून प्लेट पडली तेव्हा तिला चुलतबहीण डिंपलच्या मेंदीला जायची घाई होती. मंचरच्या त्या लॅबमध्ये ती एकटीच होती. प्लेटवर डिंभे धरणात मासे धरणाऱ्या हौशीरामांच्या जखमेतला पू पेरलेला. जाळं ओढताना माशाचा काटा त्यांच्या हातात घुसला होता. जंतूंवर कोणतं औषध चालेल, ते त्या प्लेटवरून कळायचं. नवा नमुना मागवायचा तर आणखी दोन दिवस, वर मालकांची बोलणी. एवढ्याशा जखमेला कुठलंही औषध चालेल, अशी तिने मनाची समजूत घातली, दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट हौशीरामांच्या नावाने उतरवला आणि फुटकी प्लेट जंतू मारायच्या वाफेच्या कुकरात टाकली. मग खुशाल मेंदी काढायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिने जंतू वाढवायची उबेची पेटी उघडली. आत एक अख्खी प्लेट. वर तिच्याच अक्षरात ४१७, हौशीरामांचा नंबर.

औषध लागू पडलं की प्लेटवर ठेवलेल्या त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल उमटतो. इथे एकही गोल नव्हता. हिरवट साय सगळ्या टिकल्यांवर चढली होती, आणि रिपोर्टात तिने लिहिलेल्या औषधावर सगळ्यात दाट. सिद्धीने घाईघाईने प्लेट कुकरात टाकली आणि गॅस पेटवला.

तिसऱ्या दिवशीही सातला तीच प्लेट, पुन्हा कुकरात. चौथ्या दिवशी पेटीतून धरणाच्या गाळाचा वास आला, आणि साय प्लेटच्या झाकणाला टेकली होती.

त्याच सकाळी दवाखान्यातून निरोप आला, की हौशीरामांची शुद्ध हरपली आहे, विष अंगभर पसरतंय. सिद्धीला स्वतःची इतकी लाज वाटली, की एकटी असूनही तिने मेंदीचे हात ओढणीखाली लपवले. तरी सवयीने प्लेट कुकरात टाकून गॅस पेटवलाच. मग हौशीरामांच्या मुलीला, जयाला, फोन लावला.

"जया, तो रिपोर्ट खोटा आहे. मीच लिहिला. ते औषध चालत नाही, डॉक्टरांना आत्ता सांग."

पलीकडे कुणीतरी कण्हत होतं.

"ताई, दादांना शुद्ध न्हाई, पर रोज सातला असंच करत्यात," जया म्हणाली. "भाजतंय म्हणत्यात. हात लावला तर अंग गार."

सिद्धीने गॅस बंद केला.

कण्हणं थांबलं.

मग जया अगदी हळू म्हणाली,

"ताई, दादा म्हणत्यात, त्या पोरीला म्हणावं, झाकण काढ."