पापी नगरीचा खेळ

वैशाखात मी चामोर्शीला सिनेमाच्या पेट्या घेऊन गेलो, नेहमीसारखाच. सिनेमा विलायती होता. पापानं माजलेली एक नगरी, आणि देव तिच्यावर आभाळातून आग पाडतो. लोकांना इंग्रजी कळत नसे, म्हणून मशीनजवळ उभं राहून भोंग्यातून गोष्ट सांगायचं कामही माझंच.

खेळ ठेवला होता जंगलाच्या ठेकेदारानं, गुणवंतरावानं. सागवान तोडताना कोलूचा सात घरांचा टोला, म्हणजे पाडा, त्याला आड येत होता. महिन्यापूर्वी तो टोला जळाला, कोलूची बायको मंगली घरातच जळून मेली. मोहफुलं वेचण्यासाठी लोक झाडाखालचा पाला जाळतात. कोलूनं लावलेली तीच आग भडकली, असं ठेकेदारानं पोलिसांना सांगितलं. कोलू कोठडीत होता. सोमवारी कोर्टात टोल्यातल्या लोकांच्या साक्षी होत्या.

"पापी होते म्हून देवानं जाळलं, असं सांगजो त्याईले," ठेकेदार मला म्हणाला.

मी मान हलवली. त्या हलवलेल्या मानेचा मला आजही संताप येतो.

भरदुपारी भातगिरणीच्या गोदामाची दारं आतून लावून खेळ सुरू झाला. आग बरसू लागली. "हे पापी लोक..." म्हणालो आणि थांबलो. जळक्या मोहाचा वास येत होता. पडद्यावर दगडी महालांच्या मधोमध गवताची एक झोपडी होती. कुणीतरी तिला बाहेरून कडी लावत होतं.

"मंगलीचं घर हाय थे..." टोल्यातला म्हातारा डोमा पुटपुटला.

"बंद कर!" गुणवंतराव ओरडला.

मी विजेचं इंजिन बंद केलं. मशीनचा दिवा विझला, भोंगा मुका झाला. पडदा मात्र जळतच होता, आणि आतून दार बडवल्याचा आवाज येत होता. धप्... धप्...

"मी पायलो होतो ना भाऊ..." डोमा रडत होता. "यानंच कडी लावली. भेवानं बोललो नाई..."

माझं डोकं फिरलं. "देवानं नाई जाळलं! या हरामखोरानं जाळलं!" मी भोंग्याशिवायच ओरडलो. गुणवंतराव शिव्या देत पडदा फाडायला धावला. पडदा एकदम काळा पडला.

आम्ही दारं उघडली. ऊन आत आलं. ठेकेदार कुठंच नव्हता.

सोमवारी डोमानं साक्ष दिली, कोलू सुटला. मंगली काही परत आली नाही.

मी ते रीळ उन्हात धरून पाहिलं. झोपडी नाही, नुसते महाल. त्यातल्या एका दाराला बाहेरून कडी आहे, आणि फटीतून एक हात बाहेर आला आहे. तो आधी नव्हता.

तो सिनेमा मी अजून गावोगाव दाखवतो. ठेकेदाराची दया येत नाही. दर खेळाला तो हात थोडा अधिक जळालेला असतो.