घरचे उचलतील

सौसरात लाइन गेली होती. जेवणं झाल्यावर भाऊराव ओसरीवर बसले. समोर भाचा वैभव आणि त्याची बायको सुचिता, मांडीवर निजलेली पोर.

"ऐकीव नाही सांगत," भाऊराव म्हणाले. "करुणा सिस्टर माझ्याच माडीवर भाड्यानं राहत होती. मागच्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी घडलेलं आहे."

"नका ना मामा, सुचिता भेते."

"मी कायले भेऊ? तुमालेच भेव वाटून राहिलं."

भाऊराव हसले नाहीत. सांगू लागले.

करुणा एका संस्थेकडून अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायची. जखमा बांधायची, नळ्या बदलायची. हात परक्याच्या पलंगाशी आणि जीव आपल्या पाळण्याशी, कारण अकरा महिन्यांचं लेकरू सासूजवळ. त्या उन्हाळ्यात संस्थेनं दर रुग्णामागं एक फॉर्म दिला. वीज गेली तर मशीन कशावर चालणार? पूर आला तर रुग्णाला कोण उचलणार? घरोघरी विचारून लिहायचं होतं. नेमका लेकराला ताप. तिनं आपल्या चौदाही रुग्णांचे फॉर्म पाळण्याची दोरी ओढत एका बैठकीत भरले. शेवटच्या प्रश्नापुढे चौदा वेळा एकच उत्तर: घरचे.

त्यातल्या एकाचं, रामाकोना गावच्या म्हाताऱ्या गुणवंताचं, कमरेखालचं अंग गेलेलं. त्याचे 'घरचे' म्हणजे एकटा मुलगा विनोद, आणि तो कंपनीत रात्रपाळीला. करुणाला हे ठाऊक होतं.

राखीच्या रात्री नदी गावात शिरली. नाववाल्यांनी त्या फॉर्मवरून केलेल्या यादीवर बॅटरी धरली. "याले उचलाले घरचे आहेत," म्हणाले, आणि नाव पुढे नेली. म्हातारा पहाटेपर्यंत हाका मारत होता म्हणतात. मग हाका थांबल्या.

बारा-तेरा दिवसांनी संस्थेनं करुणाला त्याची फाइल आणायला पाठवलं. घाई तिलाही होतीच. फाइलीतलं 'घरचे' लिहिलेलं ते पान विनोदनं पाहिलं तर?

शेजारच्या शोभाबाईनं किल्ली दिली. "लवकर निघजो वो बाई. दिवा लागला का आत पलंग वाजते."

"उंदीर असतील, काकू."

"उंदरानं पलंग सरकते का?"

सात वाजून दहा मिनिटं. आत गाळाचा कुबट वास. चारी भिंतींवर पुराच्या मातीची रेघ, पलंगाच्या वीतभर वर. फाइल त्याहून उंच, खुंटीला, पिशवीत. कोरडी ठाक. तिनं ते पान फाडलं, घडी करून पर्समध्ये कोंबलं.

मागं पलंग करकरला.

"सिस्टर..."

आवाज ओळखीचा. पण घशात पाणी असल्यासारखा.

"तुम्ही मले... इचारलंच नाही."

ती वळली नाही.

"मंग मीच इचारतो. तुमच्या घरी... निजलेल्याले... कोण उचलते?"

तिनं पर्स छातीशी धरली.

"लिवाचं आहे ना... सांगा."

तोंडातून निघून गेलं.

"घरचे."



मग डुबूक... त्या कोरड्या खोलीत.

स्कूटी कशी हाणली, तिलाही सांगता आलं नाही. जिना चढली. सासू टीव्हीसमोर. "आत्ताच निजला, उठवू नको." पाळणा हलत होता. लेकरू आत होतं. उबदार. कोरडं. श्वास चालू. तिनं त्याला उचललं, छातीशी दाबलं. स्वतःलाच हसली, येडीच आहेस तू म्हणाली.

आणि मान वर केली.

नदी इथून दूर. त्यात माडी. पण चारी भिंतींवर... मातीची रेघ.

पाळण्याच्या वीतभर वर.

भाऊराव थांबले.

"रातोरात माहेरी गेली, मोहगावले. मी तीनदा चुना मारला."

सुचितानं पोरीला मांडीवरून खांद्यावर घेतलं.

"मामाजी... आज आमचं अंथरूण कुठं टाकलं?"

भाऊरावांनी बॅटरी जिन्याकडे धरली. माडीचं दार उघडं होतं. आतल्या चुन्यावर रेघ दिसत होती.

"हात लावून पाहा," ते म्हणाले. "ओलीच आहे."