सागाची जादा वलयं

वनखात्याच्या नाक्यावर पहारेकरी शालिक मडावीने जीप अडवली आणि मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेल्या लाकडी चकतीला वलयवाचक लावला. इस्त्रीएवढं ते यंत्र जरा गुणगुणलं आणि त्याने निकाल देऊन टाकला: साग, सावरटोल्याची राई, वय पाचशेच्या वर.

"मॅडम, हे तं आमच्या देवाचं लाकूड हाये," शालिक म्हणाला. "नेता का आणता?"

"परत आणतेय, बाबा. तुमच्या भूमकाला शब्द दिलाय."

शालिकला हे सगळं ठाऊक होतं. पण नाक्यावर बसलेल्या माणसाच्या हातात यंत्र आलं की ते कशालातरी लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. डॉ. केतकी बारटक्केंना हसू आलं. वलयवाचक त्यांनीच बनवलेला. झाडाला इजा न करता त्याच्या एकेका वलयातला कार्बन मोजावा आणि आकाशातून पूर्वी कधी काय कोसळलं ते वाचावं, एवढीच त्यांची इच्छा होती. वनखात्याने त्यात सागचोर पकडायची सोय पाहिली. आता चंद्रपूरपासून खाली दाराची चौकट म्हणू नका, पलंगाचा पाय म्हणू नका, सगळं त्या यंत्राखालून जायचं. पुण्यातले सहकारी त्यावरून बाईंची मनसोक्त टिंगल करत.

शालिक सावरटोल्याचाच. तो जीपमध्ये बसला. रस्ता चिखलाने भरला होता. केतकीबाई या जंगलात कितीतरी वेळा आल्या होत्या, पण नेहमी हिवाळ्यात. पावसाळ्यात जंगलाची कामं बंद, वाटा बंद, त्यामुळे त्यांचं शास्त्रही बंद. या वेळी मात्र यावंच लागलं. सावरटोल्याची राई देवाची, तिथे पडलेलं झाड कुणी उचलत नाही; ते जिथे पडलं तिथेच मातीत जायला हवं. वादळात कोसळलेल्या थोरल्या सागाची चकती भूमकाने, म्हणजे गावच्या पुजाऱ्याने, त्यांना दिली होती ती याच बोलीवर: काम झालं की श्रावणात परत आणायची, ओल्या मातीत.

"जुईताई कशी हाये?" शालिकने विचारलं. "टीव्हीवर पाहिली. चंद्राभोवती फिरते म्हणे. भेव नाही लागत तिले?"

"तिला नाही लागत. मला लागतं."

"तुमीच तं सांगितलं होतं, दोन वर्षं धोका नाही म्हणून."

हो, त्यांनीच सांगितलं होतं. सूर्य कधीकधी खवळतो आणि वैश्विक किरणांचा असा लोंढा सोडतो, की पृथ्वीवरच्या झाडांत त्याची खूण शतकानुशतकं राहते. हवेत किरणोत्सारी कार्बन वाढतो, पानं तो पितात, आणि त्या वर्षीचं वलय इतरांहून वेगळं निघतं. जमिनीवरच्या माणसाला हवेचं पांघरूण असतं. चंद्राजवळच्या माणसाला काही नसतं. जगभरच्या झाडांत असे महालोंढे सापडले होते. पण महालोंढ्याच्या आधी एक लहानसा पूर्वलोंढा येतो, हे स्पष्ट दाखवलं ते या सावरटोल्याच्या सागाने. दोघांत नऊ वलयं होती. नऊ वलयं म्हणजे नऊ वर्षं. सात वर्षांपूर्वी उपग्रहांनी तसाच एक लहान लोंढा टिपला होता. केतकीबाईंनी गणित मांडलं, चांद्रमोहिमेच्या समितीने मान डोलावली, आणि जुई बारटक्के सहाजणांची कप्तान होऊन चांद्रस्थानकावर गेली.

जाण्याआधी मायलेकींचं भांडण झालं होतं. जुई पाचवीत असताना तिचे बाबा गेले, तेव्हापासून घरात दोघीच. निघायच्या आदल्या आठवड्यात केतकीबाई म्हणाल्या, गणितात एक भोक राहिलंय, जाऊ नकोस. जुईने सगळे आकडे समोर पसरले आणि विचारलं, दाखव भोक. भोक नव्हतंच. "आई, तुला भीती वाटते तर भीती वाटते म्हण," जुई म्हणाली. "पण शास्त्राच्या आडून बोलू नकोस. मग मी विश्वास कशावर ठेवू?" पुन्हा असं करणार नाही, असं केतकीबाईंनी कबूल केलं होतं.

जीप राईपाशी थांबली. केतकीबाई खाली उतरल्या आणि जागीच उभ्या राहिल्या.

झाडांखाली पानांचा खच पडला होता. पण ती पानं नव्हती, नुसत्या शिरांच्या जाळ्या होत्या. वर मात्र प्रत्येक साग कोवळ्या, तांबूस पालवीने भरलेला.

"ही पालवी आत्ताची?" त्यांनी विचारलं. "श्रावणात?"

"अळी आली होती ना आषाढात. सारं जंगल खाऊन टाकलं. मंग पुन्हा फुटलं. येते दोन-चार सालाआड."

शालिकने हे पावसापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं. केतकीबाई मात्र मनाशी हिशेब करू लागल्या. पालवी दोनदा आली म्हणजे झाडाची वाढ मध्येच थांबली आणि पुन्हा सुरू झाली. एका पावसाळ्यात दोन वलयं. आणि त्यांनी प्रयोगशाळेत बसून प्रत्येक वलयाला एकेक वर्ष देऊन टाकलं होतं. हिवाळ्यात येणाऱ्या माणसाला ही दुसरी पालवी दिसणार कुठून?

त्या जीपमध्ये जाऊन बसल्या, चकती मांडीवर घेतली आणि आपल्याजवळचा वलयवाचक काढला. वलयवाचकात कार्बनबरोबर ऑक्सिजनही मोजायची सोय होती; तेव्हा ती वापरायची गरज वाटली नव्हती. पहिल्या पावसाच्या पाण्यात जड ऑक्सिजन जास्त असतो, ऐन पावसाळ्यात कमी. खऱ्या वर्षाचं वलय जड ऑक्सिजनने सुरू व्हायला हवं. जादा वलय भर पावसातच सुरू होणार. त्या दोन लोंढ्यांमधलं एकेक वलय तपासत गेल्या. तिसऱ्याची सुरुवात हलकी निघाली. ते जादा होतं, शंकाच नको. सातव्याचं काही कळेना. आकडा अधेमधे लटकत होता. अळीचं वलय असेल, नाहीतर पाऊस उशिरा आलेलं एखादं खरं वर्ष असेल. त्यांनी ते पुन्हा मोजलं, चकती फिरवून मोजलं, पुसून मोजलं. आकडा हटेना.

म्हणजे आठ वर्षं, नाहीतर सात. आठ असतील तर जुई होळीपर्यंत परत येणार होतीच. सात असतील तर लोंढा याच पावसाळ्यातला.

चांद्रस्थानकाच्या माणसांशी घरच्यांना बोलता यावं म्हणून एक खास वाहिनी होती. ती लागली. प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबावं लागे, कारण आवाजाला तिथवर जाऊन परत यायचं असे. केतकीबाईंनी अळीपासून ऑक्सिजनपर्यंत सगळं सांगितलं.

"आई," जुईचा आवाज आला, "सातवं वलय जादा आहे, हे पक्कं?"

इथे केतकीबाई थांबल्या. नुसतं हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. जुईने त्याच दिवशी परतीचं यान सोडलं असतं. सहाजणांचं काम बुडालं असतं, बुडेना का! पण समोर त्यांचीच मुलगी होती, आणि तिला त्यांनी शब्द दिला होता.

"तिसरं पक्कं," त्या म्हणाल्या. "सातव्याचं सांगता येत नाही. निम्मं-निम्मं धर."

मग पलीकडून उत्तर आलं.

"बरं झालं खरं सांगितलंस. पक्कं म्हणाली असतीस तर मला वाटलं असतं, पुन्हा तेच." जुई जरा हसली. "शेवटची मोजणी चालू आहे, आई. दोन आठवड्यांत संपेल. इथे सगळ्यांशी बोलते, पण माझं मत म्हणशील तर ती संपवून निघावं. लोंढा आलाच तर पाण्याच्या भिंतींची खोली आहे."

"ती खोली लहान लोंढ्यासाठी आहे, जुई. याच्यापुढे टिकणार नाही."

"निम्मं-निम्मं म्हणालीस ना?"

वाहिनी बंद झाली. केतकीबाईंनी लगेच समितीला फोन लावला. तिथल्या गृहस्थांनी सौम्यपणे विचारलं, तुमचं आधीचं गणित धरायचं की आत्ताचं? कागद पाठवा, पुढच्या बैठकीत ठेवू. शेवटी निर्णय कप्तानाचा असतो.

भूमक चिन्ना पुंगाटी राईत वाट पाहत होता. त्याने जागा उकरून ठेवली होती. केतकीबाईंनी चकती मातीत ठेवली, त्याने वरून माती लोटली आणि हात जोडले. बाईंनीही जोडले. आजवर देवाजवळ त्यांनी काही मागितलं नव्हतं. आज मागितलं, आणि मागताना त्यांना रडू कोसळलं. म्हातारा भूमक शेजारी बसून राहिला.

मग ढग फाटले आणि लख्ख ऊन पडलं. वस्तीतून आरडाओरडा ऐकू आला. कितीतरी दिवसांनी सूर्य दिसला होता. बायका ओल्या गोधड्या बाहेर टाकू लागल्या, कोंबड्या अंगणात आल्या. "बरं झालं बाप्पा, ऊन आलं," शालिक म्हणाला आणि तोंड वर करून उभा राहिला. त्या एवढ्याशा उन्हाकडे केतकीबाईंना बघवेना.

दोन आठवडे. खरं बोलून त्यांनी लेकीचा विश्वास मिळवला होता. आता त्याच विश्वासावर एक खोटं सहज खपलं असतं. पुन्हा तपासलं, सातवं जादाच निघालं, एवढं म्हणायचं. आता ते कुणाला लगेच पडताळता येणार नव्हतं; चकती मातीत गेली होती. लोंढा आला तर मुलगी जगेल. नाही आला तर ती कधी ना कधी आकडे मागेल, आणि मग आयुष्यभर आईचा एक शब्दही खरा मानणार नाही. तेवढी किंमत फार होती का? आणि जगातलं शेवटचं खरं बोलणारं माणूस तिने गमावलं, तर ती भरपाई कोण करणार होतं?

त्यांनी राईबाहेर येऊन पुन्हा वाहिनी जोडली. खरखर झाली, मग पलीकडून आवाज आला, अगदी जवळचा, शेजारच्या खोलीतून यावा तसा.

"बोल आई. नवीन काही सापडलं का?"