खाली राहिलेली बाई

हे खरं घडलेलं आहे. गेल्या नोव्हेंबरातल्या एका दुपारी, स्कॉटलंडच्या सीमेवर, हॉइक गावापासून नऊ मैलांवर.

आमचे गिल्बर्ट लेडलॉ म्हणजे निवृत्त ग्रंथपाल. सीमेवरच्या नाहीशा झालेल्या गढ्यांवर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. ते वाचून नेल क्रोझर नावाच्या म्हातारीचं पत्र आलं.

‘आमच्या शेतावर गढी नव्हती असं तुम्ही लिहिलंय. अहो, आमचा गोठा म्हणजे तिचाच खालचा मजला! धुकं पडलं की वर शिडी ओढल्याचा आवाज येतो. घरचे मला वेडी म्हणतात. गढी होती, एवढ्या दोन ओळी तुम्ही लिहा.’

दोन ओळी... दीड वर्ष झालं, त्यांनी लिहिल्या नाहीत.

कारण लाजिरवाणं होतं. पुस्तकासाठी फिरताना ते त्या शेतात शिरलेच नव्हते. फाटकाशी कुत्रं भुंकलं, आणि ते मागे फिरले. घरी येऊन लिहिलं, ‘अवशेष नाहीत.’

शेवटी राहवेना, म्हणून ते गेले.

फाटकाशी नेलचा भाचा आर्ची भेटला. गिल्बर्टनी आपलं नाव सांगून नेलची चौकशी केली.

“मावशी? तिला वृद्धाश्रमात ठेवलंय. डॉक्टरांना तुमचंच पुस्तक दाखवलं की! गढीच नाही, तर शिडी कसली?” तो हसला. “बघा हवा तर गोठा. कुत्रं म्हातारं झालंय, घाबरू नका.”

गिल्बर्टची मान खाली गेली.

गोठा रिकामा होता. भिंती चार फूट जाड. धाड आली की गुरं खाली कोंडायची, माणसांनी वर चढून शिडी ओढून घ्यायची, ही जुनी रीत त्यांना पाठ होती.

पण इथे वर मजलाच नव्हता. नुसते पत्रे.

बाहेर कुत्रं भुंकत होतं, म्हणून त्यांनी दार लोटून कडी घातली, भिंत मोजायला घेतली. फटीतून धुकं आत येऊ लागलं.

कुत्रं भुंकायचं थांबलं...

आणि डोक्यावर... लाकूड दगडाला घासत वर गेलं. पायरी-पायरीने.

मग शांतता.

मग दारावर थाप.

“अहो... मी खालीच राहिले. आत कुणी आहे का?”

बाईचा आवाज. धाप लागलेला.

कडी हाताच्या अंतरावर होती. गिल्बर्टनी श्वास रोखून धरला.

थापा हळूहळू थांबल्या.

दार उघडलं तेव्हा अंगणात एकटा आर्ची. चिखलात त्याच्याच बुटांचे ठसे.

“कोण बाई?” तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी त्यांनी लिहिलं.

‘नेलबाई, गढी होती. न बघताच मी खोटं लिहिलं. हे पत्र डॉक्टरांना दाखवा. शिडी आज मीही ऐकली. खाली कोण राहिलं होतं, ठाऊक नाही. तिने हाक मारली. मी दार उघडलं नाही.’

कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीत त्यांनी पत्र सोडलं.

हात मात्र बराच वेळ पेटीच्या फटीतच होता, कडी काढायची राहून गेल्यासारखा...