अजून ठरलं नाही

तो पहिल्यांदा माझ्या दारात आला, तो माझ्या वडिलांना शोधत.

"रेमंड थिबो इथेच राहतात ना?"

बाहेर बारीक बर्फ पडत होता, आणि हा मुलगा कापडी बूट घालून उभा. जानेवारीत, न्यू हॅम्पशायरमध्ये, कापडी बूट... ओठ निळे पडलेले, हातात फोन, कोटावर गव्हर्नर लिंडक्विस्ट बाईंच्या नावाचा बिल्ला.

"राहत होते," मी म्हणाले. "सप्टेंबरात गेले."

"अच्छा. मग परत कधी येतील?"

मी नुसतं त्याच्याकडे बघत राहिले. हळूहळू त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्याचा चेहरा असा काही उतरला की मलाच त्याची दया आली. "म्हणजे ते... माफ करा, मी... माझ्या यादीत अजून त्यांचं नाव..." बोलता बोलता तो गोंधळून पायरीवर बूट आपटायला लागला, डावा, उजवा, परत डावा, जणू बर्फ झटकला की बोललेलं परत घेता येतं. आणि मला हसू फुटलं. बाबा गेल्यापासून त्या घरात मी हसले नव्हते, हे मला हसल्यावरच कळलं.

"आत या," मी म्हणाले. "पाय गळून पडतील तुमचे."

त्याचं नाव रुबेन अर्चुलेटा. न्यू मेक्सिकोचा. "आमच्याकडेही बर्फ पडतो," दोन्ही हातांत चहाचा कप धरून तो म्हणाला, "पण दुपारपर्यंत निघून जातो. तुमचा मुक्कामालाच आलाय."

"आमचा घरचाच आहे. तुम्ही मुक्कामाला आलाय."

तो हसला. हसताना त्याची एक भुवई दुसरीच्या आधी वर जायची. मग त्याला आपलं काम आठवलं आणि तो लिंडक्विस्ट बाईंबद्दल भरभरून बोलू लागला... राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने बाईंनाच का उभं करावं, सिनेटर प्रुइटना का नाही, वगैरे. खरं सांगायचं तर माझं मत आधीच ठरलेलं होतं. बाईंचं भाषण मी रेडिओवर ऐकलं होतं आणि मला ते पटलं होतं.

"मग तुमचं मत बाईंना धरू?" त्याने विचारलं.

"धरलंत तर काय होतं?"

"काही नाही, नंबर पडतो. एक म्हणजे पक्का आमचा. पाच म्हणजे पक्का दुसऱ्याचा. तीन म्हणजे ज्याचं अजून ठरलेलं नाही."

"आणि मग?"

"एक नंबरवाल्यांकडे परत जायची गरज नसते. पाचवाल्यांकडे जाऊन उपयोग नसतो. सगळा जीव तीनवाल्यांवर टाकायचा."

मी खिडकीबाहेर पाहिलं. दुपारचे दोनच वाजले होते आणि उजेड आताच मावळल्यासारखा दिसत होता. अजून अख्खा दिवस पडला होता माझ्यापुढे.

"माझं... अजून ठरलं नाही," मी म्हणाले.

आमच्या राज्यात हे सहज खपून जातं. पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान, म्हणजे प्रायमरी, देशात पहिली आमची, त्याचा आम्हाला थोडा माज आहे. इथली माणसं उमेदवाराशी हात मिळवल्याशिवाय मत ठरवत नाहीत आणि दोनदा भेटल्यावरही "बघू" म्हणतात. तेव्हा रुबेनला काही वावगं वाटलं नाही. तीन दिवसांनी तो परत आला. मग पुन्हा आला. मग यायलाच लागला.

मी मिसेस पेल्कींच्या बेकरीत काम करते. पहाटेपासून डोनट तळायचे आणि बाराला घरी. त्यानंतर माझ्याशी बोलणारं कुणी नसायचं. टीव्हीवरची माणसं बोलायची, पण ती सगळ्या राज्याशी. आता मात्र बेकरीतून येताना मी राहिलेले डोनट बांधून आणू लागले, आणि येता येता प्रश्न शोधू लागले.

"शेतीबद्दल बाईंचं धोरण काय?"

"तुमची शेती आहे?"

"नाही. पण असती तर?"

"असती तर मी तुमच्या गाईंनाही समजावून सांगितलं असतं." तो डोनटची साखर बोटाने टिपत म्हणाला, "कोरीन, एक विचारू? हे प्रश्न तुम्ही लिहून ठेवता का?"

"सुचतात."

"आणि उत्तरं ऐकता का?"

"आवाज ऐकते," असं माझ्या तोंडून निघून गेलं. मी झटकन उठून किटली खाली ठेवली, उकळायच्या आधीच. त्या दिवसापासून 'तुम्ही'चं 'तू' झालं.

बाबांचे बर्फातले जाड बूट मी त्याला दिले. एका मापाने मोठे होते, म्हणून दोन मोज्यांवर घातले त्याने. ते बूट देताना मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

रुबेन मिसेस पेल्कींच्याच तळघरात राहत होता. प्रचाराला बाहेरून आलेल्या पोरांना गावात कुणी ना कुणी जागा देतंच. त्यामुळे बेकरीत माझी सुटका नव्हती.

"काय गं, तुझं अजून ठरलं नाही म्हणे?" मिसेस पेल्की पीठ चाळता चाळता म्हणाल्या. "पोरगा रोज जेवताना तुझंच पुराण लावतो. गावातली सगळ्यात अवघड मतदार म्हणतो तुला."

"आहेच मी अवघड."

"अवघड कसली डोंबलाची. परवा रेडिओवर त्या बाईचं भाषण लागलं तर तू मळायचं थांबून ऐकत होतीस." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "सांगून टाक की त्याला."

"काय सांगू?"

"मी कशाला सांगू काय ते?"

पण सांगणं हेच तर मला कधी जमलं नाही. आमच्या घरात कुणी मत विचारलं तर सांगायची पद्धत नव्हती, आणि मनातलं तर नाहीच नाही. बाबा आजारी होते तेव्हा शेजारपाजारचे विचारायचे, कशी आहेस? मी म्हणायचे, ठीक. बाबा गेले, तरी ठीक. सगळं गाव समजून होतं की कोरीन थिबो ठीक असते.

मतदानाच्या आधीच्या गुरुवारी रुबेन आला तो बसलाच नाही.

"आज तुला सांगावंच लागेल," तो म्हणाला. "वरून पक्का आकडा मागितलाय. आता कुणाला तीनवर ठेवायचं नाही. तू एक आहेस की पाच?"

"आणि सांगितल्यावर?"

"सांगितल्यावर मी नदीपलीकडची घरं घेणार. तिकडे अजून बरीच माणसं डळमळीत आहेत."

एक म्हटलं की तो चालला. काहीतरी बोलायला हवं होतं, त्याला इथे बसवून ठेवील असं काहीतरी... "मी ना... प्रुइटकडे झुकतेय बहुतेक."

मला वाटलं होतं तो कोट काढील, खुर्ची ओढील, अंधार पडेपर्यंत माझ्याशी वाद घालील. त्याने फोनवर काहीतरी केलं, मग तो खिशात ठेवला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तुमचं मत आहे. तुम्ही वेळ दिलात, आभारी आहे."

तुमचं. तुम्ही. दार लागलं, आणि तेव्हा कुठे मला आठवलं की पाच नंबरवाल्याच्या दारी कुणी परत जात नाही.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. शुक्रवारी, शनिवारी दुपारी मी किटली ठेवायचे आणि एकच कप काढायचे. रविवारी बर्फ पडून थांबला होता. घरी आले तर फाटकासमोरून बाबांच्या बुटांचे ठसे गेलेले. ते फाटकाशी थबकले होते, तिथे बर्फ तुडवलेला होता... आणि मग सरळ पुढे निघून गेले होते. मला त्याचा राग आला. मग स्वतःचा आला, आणि तो काही केल्या जाईना. दोन गल्ल्या सोडून तो राहत होता. जाऊन सांगायला काय झालं होतं? पण पाय निघाला नाही.

मंगळवारी मतदान. टाउन हॉलच्या बाहेर दोरी बांधलेली, आणि दोरीपलीकडे सगळ्या उमेदवारांची पोरं फलक धरून कुडकुडत उभी. रुबेन शेवटच्या टोकाला होता. मला पाहून त्याने मान हलवली, अनोळखी माणसाला हलवतात तशी. मी आत गेले, मत दिलं, बाहेर आले. घराचा रस्ता डावीकडे होता. मी उजवीकडे वळले.

"मत दिलं," मी म्हणाले.

"छान."

"कुणाला ते विचार ना."

"विचारत नसतात."

"रुबेन, विचार."

त्याने फलक खाली टेकवला. "प्रुइटना?"

"तुझ्या बाईंना."

ती भुवई आधी वर गेली, मग दुसरी. "केव्हा ठरलं हे?"

"तू यायच्या आधीच ठरलं होतं. एक म्हटलं असतं तर तू परत आला नसतास."

शेजारी प्रुइटचा फलक धरलेला पोरगा कान टवकारून ऐकत होता, त्याला कळेना हसावं की नाही. "रोज तुझ्या फाटकाशी येत होतो मी," रुबेन म्हणाला. "सगळ्या गावात प्रत्येक दार वाजवायला माझ्याकडे काही ना काही कारण होतं. तुझ्याच दाराला उरलं नव्हतं... आणि विनाकारण वाजवायची हिंमत होईना."

"आता कारण आहे."

"आता आहे," तो म्हणाला, आणि त्याने माझ्या टोपीवरचा बर्फ झटकला.

मी त्याच्या पायाशी ठेवलेला दुसरा फलक उचलला आणि त्याच्या शेजारी उभी राहिले. गावातलं प्रत्येक माणूस समोरून गेलं. कोरीन थिबोचं मत कुणाला, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. बाकीचंही कळलं असावं, कारण मिसेस पेल्कींनी गाडीतून जाताना हॉर्न दाबला तो कोपऱ्यापर्यंत सोडला नाही.

"आज बाई मागे पडल्या तर उद्यापासून मी बेकार," रुबेन म्हणाला. "तुझ्या अंगणातला बर्फ काढत बसेन."

"आणि पुढे आल्या तर?"

"तर सकाळी साउथ कॅरोलायना. पुढचं मतदान तिकडे."

एका हातमोज्यात दोन हात मावत नाहीत, पण आम्ही घालून पाहिले.

संध्याकाळी सगळे बेकरीत जमले. निकाल येऊ लागले आणि बाई एकेक गाव घेत दुसऱ्या क्रमांकावर आल्या, कुणाच्या ध्यानीमनी नसताना; म्हणजे शर्यतीत टिकल्या. माणसं टेबलं बडवायला लागली. रुबेनला कुणीतरी खांद्यावर घेतलं, आणि तिथून तो मलाच शोधत होता. मीही टाळ्या वाजवल्या. डोळे भरून आले तर मिसेस पेल्कींनी मला जवळ घेतलं, सगळ्यांना वाटलं आनंदाने. खरं तर मी माझ्याच मताने त्याला पाठवत होते, आणि मला बाई हरायला हव्या होत्या. तेवढं मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

सकाळी तो गेला. निघताना मला घट्ट धरून म्हणाला, "पोचलो की फोन करतो," आणि मी म्हणाले, "कर."

प्रायमरीनंतर आमचं गाव किती सुनं होतं, ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. दोन दिवसांत फलक उपटले जातात, टीव्हीच्या गाड्या निघून जातात. कालपर्यंत सारा देश आमचं मत विचारत होता, आज कुणाला आमची आठवण नाही. दुपारी मी स्वयंपाकघरात बसले की फ्रिजची घरघर ऐकू यायची. आणि तो जिथे बसायचा त्या खुर्चीकडे बघवत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी फोन आला. मागे गलका, कुणीतरी नावं पुकारतंय, दुसरे फोन वाजतायत. तिकडे कोट लागत नाही म्हणाला. लोक दारातूनच गोड बोलतात आणि मत मात्र सांगत नाहीत म्हणाला. मग विचारलं, "तू कशी आहेस?"

"ठीक," मी म्हणाले.

मागून कुणीतरी त्याला हाक मारली. "आलो," तो त्यांना म्हणाला. आता तो फोन ठेवणार.

"रुबेन, ठीक नाही मी," मी म्हणाले. "मला करमत नाही. तू गेल्यापासून नाही... त्याच्या आधीपासूनच. बाबा गेले तेव्हापासून मला करमत नाही, आणि मी हे कुणालाच सांगितलेलं नाही."

पलीकडे नुसता गलका. त्याने ऐकलं की नाही, मला कळेना. मग तो कुणाला तरी म्हणाला, "माझी घरं तू घे, मी बाहेर चाललोय." पावलं ऐकू आली, एक दार उघडलं आणि लागलं, आणि सगळा गलका एकदम थांबला.

"आता सांग," तो म्हणाला. "सगळं सांग."

मी खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि सांगायला लागले.