न वाचता केलेली सही

आमची पहिली भेट भांडणानंच झाली. कोर्टाच्या फाटकालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं टायपिंगचं टेबल. नवाकोरा काळा कोट घातलेला एक वकील घाईघाईनं वळला, त्याच्या कोपराचा धक्का लागला आणि माझा चहा मी नुकत्याच संपवलेल्या नऊ पानांवर सांडला.

"डोळे काय घरी ठेवून आलात?" मी कडाडले.

"आणलेत हो... पण ते भलतीकडेच बघत होते," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. मग स्टुलावर बसून त्यानं ती भिजलेली नऊच्या नऊ पानं मला पुन्हा टाईप करण्यासाठी वाचून दाखवली. मला राग येत होता आणि हसूही. दोन्ही एकदम आलं की मला फार त्रास होतो.

पुढची पाच वर्षं त्याचे सगळे अर्ज माझ्याच टेबलावर झाले. मला तो 'टकटकबाई' म्हणायचा. माणूस भारी चिकित्सक. शेडमधले सगळ्यांत जुने टायपिस्ट, आमचे काका, म्हणायचे, "हा स्वतःच्या लग्नाची पत्रिकासुद्धा तीनदा तपासेल." पण माझ्या पानांवर तो न वाचताच सही करायचा.

"अहो, वाचा तरी!"

"तुमच्यावर विश्वास आहे," तो म्हणायचा, आणि पेन परत देताना त्याचं बोट माझ्या बोटाशी जरा जास्तच रेंगाळायचं... पुढे मात्र तो कधी काही बोलला नाही. मीही नाही.

मग तो नगराध्यक्ष झाला. उद्घाटनं, सत्कार, मागेपुढे माणसं. त्याचं येणं कमी झालं, मग थांबलंच. तेही मी गिळलं. पण गेल्या सोमवारी शेडच्या खांबावर नोटीस लागली — आठ दिवसांत जागा मोकळी करा, इथे पार्किंगची इमारत होणार. अकरा टेबलं, त्यांवर चालणारी अकरा घरं, आणि खाली त्याची सही! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

शुक्रवारी तो स्वतःच आला. आमदारकीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस, तीन वाजता मुदत संपणार, आणि घड्याळात सव्वा वाजलेला.

"टकटकबाई, पक्षाच्या माणसानं प्रतिज्ञापत्रात घोळ घातलाय. तासाभरात नवं करून देणारं तुमच्याशिवाय कोणी नाही."

मी खांबावरची नोटीस टर्रकन ओढली आणि त्याच्यासमोर आपटली. "आधी हे वाचा. मोठ्यानं!"

तो वाचू लागला. तिसऱ्या ओळीवर तो थांबला. "मी... हे वाचलंच नव्हतं. पक्षाध्यक्षांनी गठ्ठा पाठवला, मी सह्या केल्या."

न वाचता! जे फक्त माझ्या वाट्याचं आहे असं मी पाच वर्षं समजत होते, ते यानं कुणालाही वाटून टाकलं होतं.

"माझ्या पानांवर तशी सही करायचात, तेव्हा मला वेडीला वाटायचं... जाऊ द्या. तुमचा विश्वास फार स्वस्त झालाय, वकीलसाहेब."

"निवडून आलो की नव्या मार्केटमध्ये तुम्हा सगळ्यांना गाळे—"

"चुलीत घाला ते गाळे!"

शेडमधली सगळी टकटक थांबली. त्यानं कोट उतरवला. मग स्टूल ओढून बसला. "कागद लावा. नोटीस रद्द."

"पक्ष तिकीट काढून घेईल," काका म्हणाले.

"घेऊ दे."

त्यानं सहा ओळी सांगितल्या. मी बटणं अशी बडवली की टेबल हललं. यावेळी त्यानं कागद शब्द न् शब्द वाचला, मग सही केली आणि त्याचा फोटो पक्षाध्यक्षांना पाठवला. दहा मिनिटांत फोन आला. तो "बरं" एवढंच म्हणाला. तिकीट गेलं होतं.

"अपक्ष भरतो," तो म्हणाला. "पण त्याला दहा मतदारांच्या सह्या लागतात."

मी प्रतिज्ञापत्र टाईप करत होते तोवर काकांनी चष्मा चढवून पहिली सही केली. बाकीच्यांनीही केल्या, पण त्याला छळायला म्हणून प्रत्येकानं अर्ज सावकाश, अथपासून इतिपर्यंत वाचला. अकरातला एक रजेवर. नऊ सह्या झाल्या, उरले मी. अडीच वाजून गेले होते. मी पेन उचललं नाही.

"अजून रागावलायत?"

"खूप."

"मग ऐका. त्या पानांवर सही करताना मी पान बघायचोच नाही... तुम्हाला बघायचो. माझं प्रेम आहे तुमच्यावर. फार आधी सांगायला हवं होतं."

"वा! दहावी सही अडली म्हणून आठवलं?"

त्याचा चेहरा उतरला. त्यानं अर्ज उचलला, घडी करून खिशात ठेवला. "सही नको. उत्तर तेवढं द्या. निवडणूक पाच वर्षांनी पुन्हा येईल."

काका घड्याळाकडे बघत नुसते चुळबुळत होते. माझा असा संताप झाला की विचारू नका. मी सरळ त्याच्या खिशात हात घातला, अर्ज काढला, सही ठोकली.

"माझंही आहे प्रेम! आणि रागही आहे, तो निकालापर्यंत पुरेल! नऊ माणसांनी सह्या केल्या त्या काय तुझ्या खिशात ठेवायला? पळ आधी!"

अर्ज आणि प्रतिज्ञापत्र उचलून तो पळाला. कोट तसाच स्टुलावर टाकून, भर उन्हात, नगराध्यक्ष असून शाळा चुकवलेल्या पोरासारखा पळाला. शेडमध्ये हशा पिकला. मी कुणाकडेही न बघता पुढच्या अशिलाचा कागद लावला आणि पहिल्याच ओळीत तीन चुका केल्या.